अण्णा काय बोलले ते विचारायला

आमच्या अलिबागेकडून मराठवाड्यात सहसा कोणी हिंडायला जात नाही. गेलेच तर नांदेडचा गुरुद्वारा बघून परत येतात. मी गेले ती थोरल्या भावाच्या हट्टापायी, एका माणसाला एकच प्रश्न विचारायला.

आधी थोडं घरचं सांगायला हवं. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. गावातली जुनी माणसं अजून आम्हाला शनवार तेली म्हणतात, कारण आजोबांचा तेलाचा घाणा शनिवारी बंद असे. मी सरकारी दवाखान्यात नर्स होते, आता निवृत्त आहे. माझा भाऊ हन्नोक तरुणपणीच इस्राएलला गेला आणि तिथल्या वाळवंटातल्या एका गावात आयुष्यभर बस चालवली. वीसेक वर्षांपूर्वी लातूर जिल्ह्यातले काही शेतकरी ठिबक सिंचन बघायला तिकडे गेले, तेव्हा त्यांच्या बसवर ड्रायव्हर दादाच होता. मागच्या सीटवरून कोणीतरी म्हणालं, "लई ऊन हाय बगा इथं." दादानं बस रस्त्याकडेला घेतली, मागं वळून विचारलं, "कोणत्या गावचे?" सगळी बस अवाक् झाली.

तो ऊन म्हणणारा माणूस म्हणजे उदगीरकडचे माणिकराव. तेव्हा ते पंचायत समितीचे सभापती होते. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्या दौऱ्यात अण्णांना मुतखड्याची कळ आली, दवाखान्यात ठेवावं लागलं. बाकी मंडळी पुढे गेली आणि अण्णा आठवडाभर दादाच्या घरी राहिले. वहिनीनं त्यांना भाकरी करून घातली. तेव्हापासून दिवाळीला दादाचा फोन उदगीरला आणि आमच्या नव्या वर्षाला अण्णांचा फोन तिकडे, हे कधी चुकलं नाही.

मग तो ऑक्टोबरातला हल्ला झाला. दादाच्या शेजाऱ्यांची मुलगी मिरियम त्यात मारली गेली. दादानं तिला अंगाखांद्यावर खेळवलं होतं. पुढे युद्ध सुरू झालं, दादाच्या नातवाला लष्करात बोलावणं आलं. गाझातल्या दवाखान्यांचे फोटो येत ते मी नर्स असून बघू शकत नव्हते. मी टीव्ही लावणं बंद केलं. अशात कुणीतरी दादाला अण्णांच्या भाषणाचा एक तुकडा पाठवला. त्यात अण्णा म्हणत होते, "जे सरकार लेकरांवर बाँब टाकतं त्याला मी शूर म्हणणार न्हाई. आन् त्या बाँबवर टाळ्या वाजवणाऱ्यानं माझ्या दारात येऊ नये."

दादानं मला फोन केला. "जाऊन विचार त्याला. माझ्या घरी जेवत होता तेव्हा हे पोटात होतं का?"

"तूच विचार की."

"मी त्याच्याशी बोलणार नाही."

दादा आता शहात्तर वर्षांचा आहे. या वयात त्यानं एक मित्र टाकून द्यावा हे मला बघवेना. डिसेंबरात मी पनवेलहून नांदेडची गाडी धरली.

नांदेड, शुक्रवार आणि शनिवार

नांदेडला माझी मैत्रीण कमल स्टेशनवर आली होती. नर्सिंगच्या होस्टेलात आम्ही तीन वर्षं एका खोलीत काढली. ती मूळची उमरीची, आता नांदेडात मुलीजवळ राहते. गाडीतून उतरताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला आणि मराठवाड्याच्या भूमीवर मी पहिलं पाऊल अनवाणी ठेवलं. फरशी बर्फासारखी गार होती. आमच्याकडे समुद्रामुळे थंडी अशी अंगावर येत नाही. कमलनं स्वतःच्या चपला काढून दिल्या आणि मोज्यांवर चालत रिक्षापर्यंत आली.

तिच्या बैठकीत बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर आहे. शुक्रवारी संध्याकाळी मी तिथेच कोपऱ्यातल्या स्टुलावर शब्बाथचे दिवे लावले. कमलनं काही न विचारता खिडकी लावून घेतली, ज्योत विझू नये म्हणून. शनिवारी मी प्रवास करत नाही, त्यामुळे तो दिवस आम्ही बोलण्यात घालवला. दुपारी ज्वारीची भाकरी, वरण आणि शेंगदाण्याची अशी तिखट चटणी, की मला दोनदा उठून गूळ घ्यावा लागला.

मी तिला येण्याचं कारण सांगितलं. अण्णांच्या भाषणाचा तुकडा तिच्याकडेही आला होता. शिवाय आणखी एक तुकडा होता, जो मी पाहिला नव्हता. जागा तीच, माईक तोच. त्यात अण्णा म्हणत होते, "आन् ज्यांनी म्हाताऱ्या बाया, लेकरं घरातून उचलून नेली, नाचणारी पोरं मारली, त्यांनाबी मी शूर म्हणणार न्हाई. आधी त्या माणसांना सोडा."

"हा तुकडा माझ्या भावाकडं कोणी पाठवला नाही," मी म्हणाले.

"कोण कशाला पाठवील? हा दुसऱ्या लोकांना भडकवायला हाय."

"तुला काय वाटतं त्याचं?"

कमल हरभऱ्याची भाजी खुडत होती. तिनं हात थांबवला नाही. "मला शांतता म्हणलं की आधी एक आठवतं. आमच्या गावात आमची विहीर वेगळी होती. गावात भांडण नव्हतं, लई शांतता होती. म्हणून मी शांततेवर बोलणाऱ्या माणसाला आधी विचारते, कुणाच्या जिवावर? तूबी त्या अण्णाला हेच विचार."

दोन प्रश्न घेऊन मी रविवारी निघाले.

उदगीर, रविवार

मुखेडमार्गे एसटीनं निघाले. मुखेडच्या अलीकडे बस पंक्चर झाली आणि आम्ही सगळे बाभळीखाली उतरलो. शेजारच्या शेतात हुरडा भाजत होते. शेतातल्या बाईनं कंडक्टरला हाक मारली आणि पाहता पाहता अर्धी बस तिच्या आगटीभोवती बसली. कोवळी ज्वारी अशी गरम, हातावर चोळून खायची असते हे मला माहीत नव्हतं. पहिल्या मुठीला कुसं घशात अडकली आणि खोकून खोकून जीव गेला. बाईनं पाठीवर थापटलं. "फुंकून खावं लागतंय, मावशी. कोणत्या गावच्या तुम्ही?" मी अलिबाग सांगितलं. "समुद्राच्या?" तिनं विचारलं आणि मला आणखी एक कणीस दिलं, जणू समुद्राकाठच्या माणसाला खायला मिळत नसावं.

उदगीरला अण्णा बसस्टँडवर उभे होते. उंच, किंचित वाकलेले, पांढरा सदरा, पायात साधे बूट. वय अडुसष्ट असावं. मी आधी फोनवर फक्त "हन्नोकची बहीण येतेय" एवढंच सांगितलं होतं. त्यांनी माझी पिशवी घेतली आणि घरी पोचेपर्यंत भाषणाचा विषय काढला नाही. घरी त्यांच्या पत्नी ताराबाई होत्या. त्यांनी मला हात धुवायला पाणी दिलं आणि लगेच म्हणाल्या, "तुमच्यात काय चालतं काय न्हाई ते आधी सांगा. आमच्या ह्यांनी सांगितलंय, दूध आन् मटन एकत्र न्हाई. आपल्या घरी मटनच न्हाई, म्हणजे भ्याव न्हाई."

चहा झाल्यावर मी दादाचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. "माझ्या घरी जेवत होता तेव्हा हे पोटात होतं का?"

अण्णांनी रिकामी कपबशी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "होतं. त्यांच्या घरचं जेवलो म्हणूनच बोललो."

मला काही कळेना. मी म्हणाले, "तुमचं भाषण कापून अर्धं अर्धं फिरवलंय. पूर्ण भाषण असेल तर मला द्या, मी दादाला पाठवते."

"पूर्ण कुणी घेतलंच न्हाई. आन् जे फिरतंय ते मीच बोललो. कापलं म्हणून मी सुटणार न्हाई, ताई."

इतक्यात त्यांच्या पक्षाचे तालुक्याचे एक पदाधिकारी आले. झेडपीची निवडणूक तोंडावर होती आणि अण्णांचं तिकीट जवळजवळ ठरलेलं होतं. पदाधिकाऱ्यांनी व्हिडिओ घ्यायला मोबाइल टेबलावर उभा केला. बोलणं गोड होतं. "अण्णा, दोन मिनिटांचं काम हाय. माझ्या बोलण्याचा विपर्यास झाला, एवढंच म्हणा. वरून निरोप हाय."

"विपर्यास झाला न्हाई," अण्णा म्हणाले.

"तिकिटाचा सवाल हाय."

"मला ठाऊक हाय."

"इस्राएल आन् गाझाचा आपल्या गटारीच्या कामाशी काय संबंध? कशाला त्या भानगडीत पडलात?"

"फटाके तुमच्या पोरांनी फोडले. बाँब पडल्याची बातमी आली, त्या रात्री. ते मुजीब मास्तरांच्या गल्लीत ऐकू आले. तवा ती भानगड उदगिरातच आलती."

पदाधिकाऱ्यांनी मोबाइल खिशात घातला, मला नमस्कार केला आणि निघून गेले. ताराबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आता जेवून घ्या," आणि आत गेल्या. त्यांनी भाकरी थापायला घेतली तशी परातीचा आवाज नेहमीपेक्षा जोरात येत होता, असं मला वाटलं.

उदगीर, सोमवार

मुजीब मास्तर म्हणजे उर्दू शाळेचे निवृत्त शिक्षक, अण्णांचे चाळीस वर्षांचे मित्र. अण्णांचं ते भाषण ज्या शोकसभेत झालं, ती मास्तरांनीच ठेवली होती. त्यानंतर दोघं बोलत नव्हते. त्या सभेत काय झालं ते त्यांच्या तोंडून ऐकावं म्हणून मी एकटीच त्यांच्याकडे गेले. मी कोण हे आधी कळवलं होतं. वाटेत मनात धाकधूक होती, ते लपवत नाही.

मास्तरांनी दार स्वतः उघडलं. खुर्ची पुढे केली. त्यांच्या घरच्यांनी खिचडी आणि खट्टा वाढला. खट्टा म्हणजे चिंच आणि तिळाचं पातळ कालवण, आमच्या सोलकढीसारखं भातावर ओतायचं. मास्तर म्हणाले, "आमच्या घरचं तुम्हाला चालेल ना?" मी म्हणाले, "चालेल. तुमच्यात आणि आमच्यात खाण्याचे नियम बरेचसे सारखेच आहेत." ते किंचित हसले, पण हसू टिकलं नाही.

"बहेनजी, त्या दिवशी आम्ही मेलेल्या मुलांसाठी दुवा मागायला जमलो होतो. माझ्या गल्लीतल्या बायका रडत होत्या. तिथं माणिकराव उठले. आधी आमच्या दुःखाचं बोलले, ते बरोबर बोलले. मग म्हणाले, त्या लोकांनी पळवून नेलेल्यांना सोडा. मला सांगा, मयताच्या घरी येऊन कुणी दुसऱ्याच्या मयताची आठवण देतं का?"

मी नर्स म्हणून शेकडो मयतं बघितली आहेत. मी म्हणाले, "नाही. देऊ नये."

त्यांना हे अपेक्षित नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मी मिरियमचं सांगितलं. कमी शब्दांत, वय आणि तिला पोहायला आवडायचं एवढंच. ते खाली बघून ऐकत राहिले. "अल्ला तिच्या आईबापाला सबर देवो," म्हणाले. निघताना दारापर्यंत आले. "माणिकरावांना सांगा, माणसं पाठवू नका. स्वतः या."

घरी येऊन मी अण्णांना हे सांगितलं. ते म्हणाले, "मास्तरचं बरोबर हाय. येळ चुकली माझी. गोष्ट चुकली न्हाई, पण येळ चुकली." मग म्हणाले, "उद्या येळवस हाय. तुम्ही चला माझ्यासंगं. तुमच्या दादाला काय सांगायचं ते तिथं बगा."

निलंग्याच्या वाटेवर, येळवस

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. हा सण आमच्याकडे नाही, पुण्याकडेही नाही. त्या दिवशी लातूर जिल्ह्यातली शहरं रिकामी होतात आणि सगळी माणसं शेतात जाऊन जेवतात. ज्याला शेत नाही त्याला दुसरा कोणीतरी बोलावतोच. रस्त्यानं जीप, मोटरसायकली, ट्रॅक्टर, सगळे एकाच दिशेला, आणि बायकांच्या डोक्यावर फडक्यात बांधलेल्या टोपल्या.

जाताना अण्णांनी तिकडच्या दवाखान्याची गोष्ट सांगितली. त्यांच्या शेजारच्या बाकावर एक म्हातारा अरब बसलेला असे, नातवाला घेऊन आलेला. भाषा येत नव्हती. "पण मी निजामाच्या मुलखातला," अण्णा म्हणाले. "त्यानं दवा म्हणलं, मला कळलं. मी सबर म्हणलं, त्याला कळलं. दुनिया, मौत, किताब, हिसाब. धा-बारा शब्दांत आमी तीन दिवस बोललो. तुमचे दादा बस उभी करून यायचे, तिघांचा चहा घेऊन. अडलं की दादा अरबीतून सांगायचे. तो म्हातारा म्हणला, माझी जमीन गेली. दादांनी ते मला मराठीत सांगितलं, एक शब्द गाळला न्हाई. स्वतःच्या देशाबद्दलचं गाऱ्हाणं. सांगून झाल्यावर दादा म्हणले, याचं खोटं न्हाई, पण आमचंबी खोटं न्हाई. म्हणून म्हणलं, त्यांच्या घरचं जेवलो म्हणून बोललो."

हे दादानं मला कधी सांगितलं नव्हतं.

ज्या गावी गेलो त्याचं नाव लिहू नका असं तिथल्या लोकांनी सांगितलंय. गावाच्या दोन वस्त्या, वरची आणि खालची. मधून एक पाणंद जाते, म्हणजे शेताकडे जायची गाडीवाट. तीस वर्षांपूर्वी वरच्या वस्तीनं ती नांगरून अरुंद केली. खालच्यांची बैलगाडी जाईना. एका सकाळी कुऱ्हाडी निघाल्या. वरच्या वस्तीतला गोविंद आणि खालच्या वस्तीतला शिवाजी, दोघं त्याच पाणंदीत मेले. पुढे अकरा वर्षं वाट बंद. खालची मुलं शाळेला लांबून वळसा घालून जायची. अण्णा त्या अकरा वर्षांत दोन्हीकडे जात राहिले.

मी त्यांना कमलचा प्रश्न विचारला, शांतता कुणाच्या जिवावर?

"बरोबर विचारलं त्यांनी," अण्णा म्हणाले. "आधी मीबी चुकलो. मी म्हणायचो, गोडीनं राहा, झालं गेलं विसरा. खालची माणसं म्हणायची, गोडीनं राहू, पण वाट कुठंय? वाट मोजून सारखी केल्याबिगर गोडी म्हंजे खालच्यांनी गप बसायचं एवढंच. म्हणून आधी वाट. आन् माफी कुणाला मागायला लावली न्हाई. एकच अट. दोन्हीकडच्यांनी एकमेकांच्या मेलेल्याचं नाव कानानं ऐकायचं."

वाट मोजून मोकळी झाली, तेव्हापासून दर येळवशीला, बायका टोपल्या घेऊन निघायच्या आधी, प्रत्येक वस्तीतला एक माणूस दोरी धरून पाणंदीची रुंदी मोजत चालतो. अण्णा मध्ये चालतात. सुरुवातीला दोन्ही नावं घेतात.

आम्ही पोचलो तेव्हा खालच्या वस्तीचा माणूस दोरी घेऊन उभा होता. शिवाजीचा धाकटा भाऊ. वरच्या वस्तीचं कोणी आलं नव्हतं. अर्धा तास गेला. ऊन वर आलं. टोपल्या घेतलेल्या बायका लांब थांबून राहिल्या. शिवाजीचा भाऊ म्हणाला, "अण्णा, वरच्या पोरांना तालुक्याहून फोन आलाय म्हणं. अण्णा बाटला, त्याच्यासंगं जाऊ नका म्हणून." अण्णांनी मान हलवली. त्यांचा चेहरा मी जवळून पाहत होते. तिकिटाच्या वेळी तो असा उतरला नव्हता.

"जाऊ द्या," शिवाजीचा भाऊ म्हणाला. "यंदा राहू द्या."

"एकदा राहिलं की राहिलंच," अण्णा म्हणाले.

तेवढ्यात वरच्या बाजूनं एक म्हातारी येताना दिसली. डोक्यावर टोपली, हातात आंबिलाची बिंदगी, म्हणजे मातीचा छोटा घडा. ती सोजरबाई, गोविंदची आई. आजवर हे मोजमाप पुरुषच करत आलेले. तिनं टोपली बांधावर ठेवली, बिंदगी माझ्या हातात दिली, जणू मी तिथलीच, आणि दोरीचं दुसरं टोक उचललं.

अण्णा म्हणाले, "काकू, पोरं कुठायत?"

"घरी. तू काय बोललास ते मला कळत न्हाई. परदेशातलं मला ठाऊक न्हाई. पण माझ्या गोविंदाचं नाव घ्यायचं ऱ्हाईल, म्हणून आले."

अण्णांनी नावं घेतली. गोविंद. शिवाजी. आवाज नीट निघाला नाही, म्हणून पुन्हा घेतली. मग ते तिघं चालू लागले. सोजरबाईंना दोरी ताठ धरायला जमेना, शिवाजीचा भाऊ आपल्या बाजूनं सैल सोडून तिच्या चालीनं चालू लागला. मी बिंदगी सांभाळत मागून. शेवटच्या बांधाशी वरच्या वस्तीतले दोन तरुण उभे होते, आजीनं मागे बांधावर ठेवलेली टोपली ते शेतातून पुढे घेऊन आले होते. त्यांनी अण्णांकडे पाहिलं नाही, पण थांबले.

नंतर आम्ही सोजरबाईंच्या शेतात जेवलो. कडब्याची खोप, पुढे पांडव म्हणून पुजलेले, चुन्यात रंगवलेले पाच दगड. भज्जी म्हणजे तूर, वाल, हरभरा, मेथी, जे जे शेतात आहे ते एकत्र शिजवलेलं दाट कालवण. बरोबर बाजरीचे उंडे, म्हणजे पिठाचे वाफवलेले गोळे, आणि वर थंडगार आंबिल. आंबिल आंबट ताकाचं, जिरं आणि लसूण लावलेलं. मी तीनदा घेतलं.

मी सोजरबाईंना विचारलं, "तुम्ही त्यांना माफ केलंत का?"

"न्हाई," त्या म्हणाल्या. लगेच, विचार न करता.

"मग?"

"मग काय. त्यांची गाडी जाऊ देती. त्यांची पोरं शाळंला जातेत. माझ्या गोविंदाचं नाव दर सालाला त्यांच्या माणसाला ऐकावं लागतं. तेवढं बास." मग मला म्हणाल्या, "तुमचं कोण गेलंय?"

मी कुणाच्या मरणाबद्दल काही बोलले नव्हते. नर्सच्या नोकरीत मी हा प्रश्न कितीतरी जणांना विचारला होता. मला कोणी विचारला नव्हता. मी म्हणाले, "शेजाऱ्यांची मुलगी. आणि नातू लष्करात आहे." त्यांनी माझ्या ताटात आणखी एक उंडा ठेवला.

परतताना मी अण्णांना म्हणाले, "मग तिकडेही असंच व्हावं असं तुमचं म्हणणं?"

"मला ठाऊक न्हाई, ताई. इथं दोन वस्त्या. तिथं एकाच्या हातात विमानं हायेत, दुसऱ्याच्या डोक्यावर छप्पर राहिलं न्हाई. माझी दोरी तिथं पुरायची न्हाई. आन् मधी चालणारा माणूस असा पायजे, ज्याला त्या वाटंत काही नको. तिथं जो तो मधी पडतो, त्याचं काहीतरी हायेच. मला एवढंच कळतं, एकाचीच नावं घेऊन भागत न्हाई. आन् वाट सारखी केल्याबिगर नुसती नावं घेऊनबी भागत न्हाई."

लातूर, बुधवार

अण्णांच्या पक्षाची यादी बुधवारी सकाळी आली. त्यांचं नाव नव्हतं. ताराबाई म्हणाल्या, "बरं झालं, डाळिंबाकडं बघा आता," पण मला लातूरच्या बसमध्ये बसवताना त्यांचे डोळे लाल होते. अण्णा नेहमीसारखेच होते. फक्त मिरवायचा पांढरा सदरा घरी ठेवून साधा चौकडीचा शर्ट घालून आले होते, आणि स्टँडवर एकदोघांनी त्यांना पाहून न पाहिल्यासारखं केलं.

लातूरच्या स्टेशनवर गाडीला दोन तास अवकाश होता. दुपारी बाकावर बसून मी दादाला फोन लावला. सगळं सांगितलं, पाणंद, दोरी, सोजरबाई. दुसरा तुकडाही सांगितला. अरब म्हाताऱ्याचं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "ते त्याच्या लक्षात आहे?"

"तू एक शब्द गाळला नाहीस म्हणाले."

मग म्हणाला, "तेव्हा मिरियम दोन वर्षांची होती." आणि पुढे, "त्याला सांग, मी फोन करीन. आज नाही. मला अजून राग आहे."

"तिकीट गेलं त्यांचं."

"माझ्यामुळे नाही गेलं."

"नाही," मी म्हणाले. "तुझ्यामुळे नाही."

घरी येऊन तीन आठवडे झाले. दादाला मी विचारलं नाही, विचारलं असतं तर तो अडून बसला असता. परवा सकाळी मी मासळी घेऊन परत येत होते तेव्हा अण्णांचा फोन आला.

"ताई, काल दादांचा फोन आलता. दीड घंटा बोललो."

"काय म्हणाला?"

"लई शिव्या दिल्या. मराठीतच दिल्या."

"आणि तुम्ही?"

"मीबी दिल्या थोड्या. नातवाचं विचारलं, तवा रडले. माझं सगळं पटलं न्हाई त्यांना. मलाबी त्यांचं न्हाई." मागून ताराबाई कुणाला तरी हाक मारत होत्या. "मग त्यांनी त्या पोरीचं नाव सांगितलं. मिरियम. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. मी ऐकलं. मी गेल्या हप्त्यात मुजीब मास्तराकडं गेलतो, दोन घंटे नुसता ऐकत बसलो. मास्तरनं मला गाझातल्या दोन भावंडांची नावं लिहून दिलीत. मी दादांना म्हणलं, आता माझ्याकडची दोन नावं हायेत, घेऊ का?"

"मग?"

"गप झाले. मी नावं घेतली."

मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले. पिशवीतून पाणी गळत होतं.

"दादा काय म्हणाला, अण्णा?"

"काय न्हाई म्हणले. पण फोन ठेवला न्हाई त्यांनी."